सासूबाईंच्या लाटण्याचा पेन

माझ्या मेहुण्याचा हात जड नाही.

एवढं एक वाक्य लिहायला मला बत्तीस वर्षं लागली. (पहिली पंचवीस वर्षं धीर सापडत नव्हता, पुढची सात चष्मा.) आता मी ऐंशीचा आहे, मेहुणा चौऱ्याऐंशीचा आहे, आणि दोघांपैकी कोणाचाही नंबर आधी लागू शकतो. तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा, कुसुमचा, थोरला भाऊ. बाबाराव. रेल्वेत गार्ड होते, दुर्गलाच राहिले. माणूस इतका हलक्या हाताचा की झोपलेल्या मांजरीवरची माशी मांजर न उठवता पकडेल. पण आमच्या सगळ्या गोतावळ्यात, नागपूरपासून रायपूरपर्यंत, त्यांची ख्याती एकच: हात जड! लहान पोरं बोलायला लागली की आई म्हणतात, मग बाबा म्हणतात, आणि मग म्हणतात, "मामाले पेन देऊ नका."

ही ख्याती मी तयार केली. भिलईत, सेक्टरच्या क्वार्टरच्या अंगणात, मांडवाखाली, पन्नास माणसांसमोर, एका वाक्यात.

त्याचं असं झालं. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो. म्हणजे घर तेच होतं, राज्य तेवढं नंतर बदललं. आमच्या अलकाचं लग्न अमरावतीच्या एका हेडमास्तरांच्या मुलाशी ठरलं. या हेडमास्तरांना सगळे गुरुजी म्हणायचे. भला माणूस. "आमाले काई नको, फक्त पोरगी पाह्यजे," म्हणाले. पण बोलता बोलता खिशातला पेन काढून म्हणाले, "मानसाची परीक्षा त्याच्या अक्षरावरून होते, अन् अक्षराची पेनावरून."

झालं! माझ्या अंगात आलं. मी प्लांटच्या मशीन शॉपमध्ये चार्जमन. आम्ही तिथे केसाच्या जाडीचे दहा भाग करून त्यातल्या एका भागावरून भांडायचो. मी छाती पुढे काढून म्हणालो, "गुरुजी, साक्षगंधाच्या यादीवर सह्या होतील त्या मी स्वतः लेथवर केलेल्या लाकडी पेनानं. आणि सह्या झाल्या की तो पेन तुमचा!"

(साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा.) गुरुजी खूश. अलका खूश. कुसुमनं मात्र आत बोलावलं.

"आयुष्यात कदी पेन केला का जी तुमी?"

"अगं, मी मोठमोठे शाफ्ट केलेत! पेन म्हणजे काय, शाफ्टचं पिल्लू."

"पिल्लूच सांभाळाले कठीन असते," कुसुम म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनंच आपल्या आईचं लाटणं आणून हातात दिलं. काळं शिसवी, गुळगुळीत, एका टोकाला तडा गेलेलं. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. कुसुम म्हणाली, "याचा करा पेन. तेवढाच आईचा हात लागेल नातीच्या लग्नाले."

मी फूटपट्टी लावली. तड्याचा भाग सोडला तर पेनाएवढे तीनच तुकडे निघत होते. तीन पुष्कळ झाले, मी म्हटलं. मशीन शॉपमध्ये आम्ही एकातच काम करतो.

लेथ होता कुम्हारीला. तिथे साहू नावाचा माझ्या ओळखीचा कारागीर होता. खाटेचे पाय, लाटणी, भोवरे असलं काहीबाही करायचा. साठीचा असेल. सगळं काम उकिडवं बसून, तोंडात विडी. मी रविवारी बसनं तिथे पोचलो, हातात सासूबाई (म्हणजे त्यांचं लाटणं), खिशात दुर्गच्या बाजारातून आणलेल्या पितळेच्या दोन बारीक नळ्या, आणि पिशवीत तो दोन ट्यूबांचा गोंद. या गोंदाची पद्धत अशी की एका ट्यूबमधलं मलम जेवढं घ्यायचं तेवढंच दुसऱ्यातलं घ्यायचं, एकत्र घोटायचं, लावायचं आणि मग अख्खा दिवस हात लावायचा नाही.

पेनाचं काम ऐकायला सोपं आहे. लाकडाला आरपार भोक पाडायचं, त्यात पितळी नळी गोंदानं बसवायची, मग नळीच्या आधारानं ते लेथवर चढवून लाकूड बारीक करत न्यायचं. शेवटी नळीत रिफिल, वर गुंडी. सगळी मदार गोंदावर. लाकूड आणि पितळ एकमेकांना धरून राहिली तर पेन, नाही तर शिट्टी!

साहूनं सगळं बघितलं आणि म्हणाला, "लाख मा चिपका दे बाबू. जिनगी भर नइ छूटय." म्हणजे लाखेनं चिकटव, जन्मभर सुटणार नाही. त्याच्याकडे लाखेच्या कांड्या असायच्या. फिरत्या लाकडाला तो त्या टेकवायचा आणि लाकडाला चकाकी यायची.

मी हसलो. "लाख बांगड्यांना ठीक आहे, साहूजी. हम स्टील के आदमी हैं."

साहूच्या तोंडातली विडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली, एवढंच.

पहिल्या तुकड्याला मी भोक पाडलं ते शॉपच्या हिशेबानं. नळी जेवढी जाड, भोक नेमकं तेवढं! केसाचाही फरक नाही! मला स्वतःचाच अभिमान वाटला. नळीला गोंद फासला आणि आत सारली. नळी गेली आत आणि गोंद आला बाहेर. सगळाच्या सगळा! अरुंद दारातून घागर घेऊन जाणाऱ्या बाईची चुंबळ बाहेरच पडावी तसा. गोंदाला आत जायला जागाच ठेवली नव्हती मी. पण वरून काही दिसत नव्हतं. मी तो तुकडा घरी नेला, आठवडाभर वाळवला, आणि पुढच्या रविवारी लेथवर चढवला.

लेथ सुरू झाला. मी हत्यार टेकवलं. आणि काय आश्चर्य! आतली नळी गरगर फिरते आहे आणि बाहेरचं लाकूड निवांत थांबलं आहे! मी हत्यार काढलं की लाकूड फिरायचं, टेकवलं की थांबायचं. आमच्या शॉपमधल्या काही मंडळींची आठवण झाली. मी जोर केला, नळी तापून वाकली, लाकडाच्या दोन फाका झाल्या.

"लाख," साहू म्हणाला.

"गोंदाचीच भानगड आहे सगळी," मी म्हणालो. "आता गोंदच नको!"

इथे मला जी युक्ती सुचली ती भिलईबाहेरच्या माणसाला सुचली नसती. प्लांटमध्ये मोठं चाक शाफ्टवर बसवायचं असलं की आम्ही चाक तापवतो. तापलं की ते फुगतं, शाफ्टवर सरकतं, थंड झालं की आवळून बसतं. मग ते देव आला तरी निघत नाही. मी म्हटलं, लाकूड तापवू, नळी गारठवू!

आमच्याकडे फ्रिज नव्हता. शेजारच्या दासबाईंकडे होता. मी सकाळी सकाळी पितळेची नळी घेऊन त्यांच्या दारात.

"भाभीजी, ये जरा बर्फ के खाने में रखनी है।"

"ये क्या है भाईसाब?"

"बेटी की शादी का सामान है।"

दासबाईंनी माझ्याकडे, मग नळीकडे पाहिलं, आणि काही न विचारता ती माशाच्या पुडक्याशेजारी ठेवली. इकडे मी भोक पाडलेला दुसरा तुकडा कुसुमच्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये ठेवला. ती त्यात पाहुण्यांसाठी नानकटाई भाजायची. थोड्या वेळानं कुसुम स्वयंपाकघरात आली.

"हे काय करून राहिले जी तुमी?"

"लाकूड फुगवून राहिलो."

"मायच्या लाटन्याची नानकटाई करता का?"

लाकूड लोखंडासारखं फुगत नाही, हे मला तेव्हा कळलं. लाकूड वाळतं. वाळून आकसतं. आणि आकसून तडकतं! ओव्हन उघडला तेव्हा आत एक लांबलचक भेग होती आणि तिच्याभोवती थोडं लाकूड. तिकडे दासबाईंच्या फ्रिजमधून नळी आली ती घामानं ओलीचिंब आणि माशाच्या वासाची. ती दाखवायला घाईघाईनं पळत येताना मी पायरीवर अडखळलो. नळी माझ्याखाली आली. तिचा झाला विळा.

आता माझ्याजवळ लाटण्याचा एकच तुकडा उरला. नळी एकही नाही. आणि साक्षगंध पुढच्या रविवारी.

आठवडाभर मला फर्स्ट शिफ्ट आणि वर पाहुण्यांची तयारी. शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा काढली. दुर्गच्या बाजारातलं ते दुकान नेमकं बंद. मालक गावाला. घरी आलो तर बाबाराव आदल्या दिवशीच मुक्कामाला आलेले. मांडवाचे बांबू बघायला ते बाहेर गेले होते. खिडकीत त्यांचा ट्रान्झिस्टर होता. गार्डच्या डब्यात वर्षानुवर्षं त्यांना सोबत करणारा, कातडी पिशवीतला. त्याचा अँटेना उभा होता. उन्हात चमकत होता.

अँटेना म्हणजे काय? एकात एक सरकणाऱ्या पितळी नळ्या! वरून चांदीसारखा मुलामा. मी माझ्या रिफिलला तो ताडून पाहिला. सगळ्यात जाड नळीत रिफिल बेतशीर बसत होती.

पुढचं मी तपशिलात लिहीत नाही. करवतीला अर्धं मिनिट लागलं.

(बुंध्याशी बोटभर ठेवला होता. अगदीच निर्दय नव्हतो मी.)

यावेळी भोक सैल पाडलं, गोंदाला जागा ठेवली. तेवढं शहाणपण आलं होतं. पण गोंद वाळायला अख्खा दिवस हवा आणि माझ्याजवळ जेमतेम तीन तास. मी विचार केला, दोन ट्यूबांपैकी एक गोंद आणि दुसरं त्याला घट्ट करणारं औषध. औषध दुप्पट घातलं तर गोंद अर्ध्या वेळात घट्ट होईल! हा हिशेब इतका सरळ होता की मी दुप्पटही नाही, तिप्पट घातलं. वर तो मुलामा इतका गुळगुळीत, की आधी पॉलिश-पेपरनं घासून खरबरीत करायला हवा होता. पण इतकी सुंदर चमक घासायची? जीवावर आलं!

कुम्हारीला पोचलो. साहूनं बोटानं गोंद दाबून पाहिला. बोटाचा ठसा उमटला.

"अभी गीला है बाबू. जल्दी झन कर. सूखन दे." घाई करू नकोस, सुकू दे.

"कल सुबह साक्षगंध है, साहूजी!"

"त लाख..."

"लाख नहीं!"

साहूनं विडी काढली, लेथ सुरू केला आणि आईनं बाळाला न्हाऊ घालावं तितक्या हळुवार हातानं तो पेन काढून दिला. वर सुंदर गोल गुंडी, लाखेची चकाकी. देखणा पेन! वरची गुंडी मात्र मी माझ्याच गोंदानं चिकटवली. स्वाभिमानाचा प्रश्न होता.

रविवारी सकाळी मांडव भरला. अमरावतीची मंडळी आली. चैत्राचं ऊन, कैरीचं पन्हं फिरत होतं. लग्नाची यादी लिहून झाली, तिला हळदकुंकू लागलं. मी तबकात लाल कापडावर ठेवून पेन आणला. गुरुजींनी हातात घेतला, फिरवला, वास घेतला.

"वा! शिसव. कोठचं लाकूड म्हनाव हे?"

"अलकाच्या आजीचं लाटणं आहे जी," मी सांगितलं. बायकांत कोणीतरी डोळ्याला पदर लावला. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं ते लग्नानंतर पहिल्यांदाच कौतुकानं. मला वाटलं, हाच क्षण! आता कोणी सही नाही केली तरी चालेल.

पण आमच्याकडे मुलीच्या बाजूनं पहिली सही मामाची. मामा म्हणजे बाबाराव. धुतलेलं धोतर, वर कोट, असे ते पुढे आले. बसले. आता हे लक्षात घ्या, की गार्ड माणसाला नोकरीभर कार्बन घालून तीन-तीन प्रती लिहायची सवय. तो टेकवून लिहितो. जड नाही. टेकवून! कोणताही धड पेन ते सहज सोसतो.

बाबारावांनी पेन टेकवला. "ब" झाला. "ब"चा काना झाला. दुसऱ्या "बा"ला पेनाचं लाकूड हळूच खाली सरकलं आणि वरच्या टोकातून चकचकीत नळी उगवायला लागली. एक इंच. दोन इंच. अगदी ट्रान्झिस्टरचा अँटेना ओढावा तशी! गुंडी उडाली आणि समोर बसलेल्या गुरुजींच्या पन्ह्यात पडली. टुबुक!

बाबाराव दचकले. त्यांनी पेन सावरायला मूठ घट्ट धरली, तर आतला गोंद टूथपेस्टसारखा बाहेर. बोटांना लागला, यादीला लागला. त्यांनी हात वर केला, यादी हाताबरोबर वर आली. त्यांनी झटकला, यादी फडफडली. गुरुजी म्हणाले, "थांबा, थांबा, फाटन!" आणि त्यांनी यादी सोडवायला हात घातला.

नळीला धरायचं तेव्हा ज्या गोंदानं कामचुकारपणा केला, तोच आता इमानदारीनं कामाला लागला! गुरुजींचा हात बाबारावांच्या हाताला, मध्ये यादी.

"सोडा ना जी," गुरुजी म्हणाले.

"मी कोठं धरून राहिलो? तुमी सोडा."

"अहो, मी तं केवाच सोडला!"

माझ्या चुलतभावाकडे कॅमेरा होता. त्याला वाटलं व्याहीभेट सुरू झाली. त्यानं फोटो काढला. (तो अजून अमरावतीला भिंतीवर आहे. दोघांचे हात हातात, आणि चेहरे असे की जणू एक जण दुसऱ्याला पोलिसांत नेतो आहे.)

कुसुम गोडेतेलाची वाटी घेऊन धावली. पंधरा मिनिटं चोळल्यावर हात सुटले, पण यादी मधोमध फाटली. मुलाचं नाव एकीकडे, मुलीचं दुसरीकडे.

 आणि मग अमरावतीकडच्या एक आत्याबाई हळूच म्हणाल्या, हळूच म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतपत: "नाव लिहिता लिहिता यादी फाटली बाप्पा. लक्षन काई चांगलं नाई."

गुरुजी तेलकट हात पुसत हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाले, "पन हा पेन असा कसा झाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दाराच्या चौकटीत अलका उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडलेला. मला उभ्या आयुष्यात इतकी भीती वाटली नव्हती, भट्टीसमोरसुद्धा नाही. मी तोंड उघडलं. खरं सांगायलाच उघडलं होतं, शपथेवर सांगतो. पण बाहेर आलं ते असं:

"पेन चांगला आहे जी. आमच्या बाबारावजींचा हातच जड आहे!"

 बाबाराव हातातली नळी बघत होते. जरा जास्तच वेळ बघत होते. उलटी केली, सुलटी केली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारातल्या अलकाकडे पाहिलं, आणि म्हणाले,

"हो जी. हात जडच हाय माझा. लहानपनापासून."

मांडव हसला! गुरुजी सगळ्यांत मोठ्यानं हसले. "गार्डसाहेब, कागदावर मालगाडी चालवता का?" आत्याबाईही हसल्या. लक्षण एकदम सुधारलं. नवी यादी लिहिली गेली, गुरुजींनी स्वतःचा पेन काढला. बाबारावांनी हात पुढे केला तर चार जण एकदम ओरडले, "तुमी नाई! तुमी राहू द्या!"

मामाच्या जागी सही मी केली.

संध्याकाळी निघताना बाबारावांनी ट्रान्झिस्टर उचलला. कापलेल्या अँटेन्याच्या बुंध्यावर बोट फिरवलं. मी समोरच होतो. "उंदीर झालेत फार," मी म्हणालो. (पितळ खाणारे!) बाबाराव म्हणाले, "असतीन. आता बातम्या कमी आयकू येतीन. चांगलंच हाय." आणि गेले. तो मोडका पेन त्या गडबडीत कुठे गेला कोणाला कळलं नाही. मी शोधला नाही.

अलकाचं लग्न झालं. छान झालं. पण अंतरपाट धरायला बाबाराव उभे राहिले तर बायकांनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला. "फाडसान भाऊ! तुमी फक्त अक्षता टाका. हळू टाका!" सख्खा मामा मुंडावळ्या बांधलेल्या भाचीपासून चार हात लांब उभा राहिला, रिकाम्या हातांनी. मी पाहिलं. आणि जाऊन पंगतीची व्यवस्था बघायला लागलो.

त्यानंतर गोतावळ्यात कितीतरी लग्नं झाली, बारशी झाली. बाबारावांना कोणी कपबशी दिली नाही, आहेराचं पाकीट लिहायला दिलं नाही. पोर मांडीवर द्यायचं तर आधी त्यांना सतरंजीवर बसवायचे, मागे लोड ठेवायचे. ते हसत बसायचे. मी दर वेळी ठरवायचो, पुढच्या कार्यात सांगू.

गेल्या महिन्यात अलकाचा अमरावतीहून फोन आला. तिच्या मुलीचं, ऋचाचं, साक्षगंध ठरलं. "बाबा, सगळे या. मामांनाही आना. पन सही-बिही त्यांना नको हं, दुरूनच आशीर्वाद घेऊ." आणि हसली. तिच्या मागे आणखी कोणी हसलं. ऋचा असावी. म्हणजे तिसरी पिढी!

मी फोन ठेवला. कुसुमला म्हणालो, "चप्पल दे. मी दुर्गला जाऊन येतो."

"आत्ता? कावून?"

"बत्तीस वर्षं उशीर झालाय."

बाबाराव ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. लाटणं, ओव्हन, तिप्पट औषध.  शेवटी म्हणालो, "बाबारावजी, ते उंदीर नव्हते. तो मी होतो."

बाबाराव शांतपणे म्हणाले, "मले मालूम हाय जवाईबापू. सोळा वर्ष रोज वढत होतो मी तो अँटेना. हातात आला अन् वळखनार नाई का?"

मी खालीच बसलो. "मग तिथेच बोलले कावून नाही?"

"अलकाचं तोंड पाह्यलं ना जी. यादी फाटली, पेन बापानं बिघडवला, असं झालं असतं तं ते लोक मांडवातून उठले असते. मामाचा हात जड निघाला तं काय होते? लोक हासते." मग म्हणाले, "फक्त तो अंतरपाट मात्र लागला मनाले. ते खोटं नाई बोलत."

 बाबाराव उठले, आतून चष्म्याचं घर घेऊन आले. त्यात तो पेन होता! अखंड. काळा, चकचकीत.

"मायचं लाटनं होतं ना बापू, फेकतो थोडाच. पार्सलाले सील लावाची लाख होती माझ्याजवळ. वितळवली, लाकडात वतली, नळी बसवली. तवापासून हालली नाई."

लाख! मला कुठूनतरी विडीचा वास आल्यासारखं झालं.

"अन् ही गुंडी?"

"गुरुजींच्या पन्ह्यातून मीच काढली. पन तिले लाख नाई लावली. तुमचाच गोंद होता तिले, ओलाच होता. नुसती दाबून बसवली."

मग त्यांनी अट घातली. तोंडी माफी नको. सगळं लिहून द्यायचं, ऋचाच्या साक्षगंधाला पन्नास माणसांसमोर मीच मोठ्यानं वाचायचं, आणि मग यादीवर पहिली सही बाबाराव करतील. याच पेनानं. मी कबूल झालो. "अन् लिहा बी याच पेनानं," ते म्हणाले. रिफिल ते दर वर्षी बदलत होते, शेवटची कालच घातली होती. म्हणजे माणूस किती वर्षं वाट बघत होता बघा!

तेव्हा हे सगळं मी त्या पेनानं लिहिलं आहे. लाखेची नळी तसूभर हललेली नाही. गुंडी मात्र मध्येच जरा डळमळली म्हणून मी अंगठ्यानं दाबून धरली. माझा गोंद बत्तीस वर्षांनंतरही पुरता वाळलेला नाही. कुसुम गोडेतेल गरम करते आहे आणि आमच्याकडे मुक्कामाला आलेले बाबाराव समोर बसून म्हणताहेत, "घाई नका करू जवाईबापू. सुकू द्या."

खरं म्हणजे माझं लिहून कधीच संपलं आहे. पेन खाली ठेवत नाही, याचा अर्थ अजून काही सांगायचं राहिलं असा कृपया काढू नये. तो सुटत नाहीये!